स्वप्नात येणारा दह्याचा वास

कंग्राळी गावाहून शहरातल्या कॅम्पात दही घेऊन येणाऱ्या बायकांत अक्काताई सगळ्यांत कमी बोलणारी. दारात मडकं उतरवायची, ओलं फडकं थोडं बाजूला सारायची आणि घरातलं माणूस भांडं घेऊन येईपर्यंत रस्त्यापलीकडच्या उंच झाडांकडे बघत उभी राहायची. दही आंबट आहे का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आजचं न्हाय." एवढंच. कन्नड बोलणारी घरं तिला मोसरु आक्का म्हणायची, मराठी घरं दहीवाली आक्का. आमच्या आळीत तिचं खरं नाव माहीत असलेली बहुधा मी एकटीच. तेही मला कळलं, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर मला सकाळी व्हरांड्यात बसायची सवय लागली आणि तिला माझ्या पायरीवर टेकून पाणी प्यायची.

तिचं माहेर जांबोटीच्या पुढं, रानातल्या एका वाडीवर. तिकडं पाऊस इतका की जनावरांच्या पाठीवर शेवाळ धरतं, असं ती सांगायची आणि हसायची नाही. म्हणून ते खरं की गंमत, हे मला कधी कळलं नाही. लग्न होऊन कंग्राळीला आली तेव्हा आईनं तिच्याबरोबर एक झाकणाची लोटी दिली होती. त्यात घरचं विरजण. त्या विरजणानं पुढं तिचा संसार उभा राहिला. नवरा परशराम उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, घरची थोडी भाताची जमीन आणि गोठ्यात तीन म्हशी.

दूध तापवून खाली उतरवलं की ती त्याच्या वाफेवर तोंड धरून बसायची. तिनं मला एकदा सांगितलं होतं, वाफेला आधी ओल्या गवताचा वास येतो, मग गोडसर येतो, आणि मग वाफ गप्प बसते. गप्प बसली की विरजण घालायचं. बोट बुडवून बघायची गरज तिला कधी पडली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या घरात दोघांनाही ताप आला. परशराम लवकर उठला. अक्काताईचा ताप उतरला, अंगातली कणकण गेली, आणि एका सकाळी तोंड धुताना तिच्या लक्षात आलं की साबणाला वास नाही. तिला वाटलं, साबणच जुना असेल. चुलीजवळ गेली तर धुराला वास नाही. मग ती गोठ्यात गेली आणि मैना नावाच्या तिच्या सगळ्यात जुन्या म्हशीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. काही नाही. नुसतं ऊबदार, जाडं, खरखरीत कातडं. "कुणी माझा गोठा उचलून दुसऱ्याच गावात न्हेऊन ठेवल्यागत वाटलं," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, येईल परत. काहींना महिन्यात येतो, काहींना वर्ष लागतं. ती थांबली.

थांबलेल्या त्या दिवसांत एका दुपारी ती सोप्यात पडली होती. डोळा लागला आणि तिला स्वप्न पडलं. स्वप्नात काहीच घडत नव्हतं. माहेरचं स्वयंपाकघर होतं, धुरानं काळं झालेलं आढं, त्याला टांगलेलं शिंकं, शिंक्यात मडकं. आणि वास. भिजलेल्या घोंगड्याचा, ओल्या सरपणाचा, आणि त्या सगळ्याच्या वर, स्वच्छ, थंड, दह्याचा वास. इतका खरा की तिला स्वप्नातसुद्धा कळत होतं की जागेपणी हे आपल्याला मिळत नाही. म्हणून ती तिथं हलली नाही. श्वास घेत उभी राहिली. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर सरकलं होतं आणि नाकात पुन्हा काही नव्हतं.

त्यानंतर ती दुपारी मुद्दाम आडवी होऊ लागली. परशरामला वाटलं, तापानं आलेला अशक्तपणा आहे. तिनं त्याला सांगितलं नाही. काय सांगणार होती? वास घ्यायला झोपते, असं?

रोज स्वप्न पडायचं असं नाही. पण पडलं की वास यायचा. कधी वाळत घातलेल्या भाताचा, कधी रेडकाच्या ओल्या कपाळाचा. दोन जगं झाली होती तिची. एकात सगळं दिसायचं, ऐकू यायचं, हाताला लागायचं, पण ते काचेपलीकडं असल्यासारखं. दुसऱ्यात वास होता आणि ते तिच्या हातात नव्हतं.

जागेपणीच्या जगात दही बिघडू लागलं. दूध तळाला लागायचं आणि तिला कळायचं नाही. विरजण कधी लवकर पडायचं, कधी उशिरा. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलली नाहीत. कुणी म्हणालं, आता आम्ही दोघंच असतो, दही संपत नाही. कुणी म्हणालं, उद्या नको, परवा बघू. कॅम्पातल्या घरांचे फ्रिजही त्याच सुमाराला बदलत होते. परगावी नोकरी करणारी मुलं सुट्टीला आली की सोयाबीनच्या, बदामाच्या, ओट्सच्या दुधाची खोकी घेऊन यायची. जनावराचं दूध माणसाला कशाला, ते पोटाला जड, गाईम्हशींचे हाल होतात, असं जेवणाच्या टेबलांवर बोललं जायचं. ही खोकी आधी पाहुण्यासारखी आली आणि मग घरचीच झाली.

शेवटी ऋतिकानं तिला खरं सांगितलं. ऋतिका आमच्या आळीतल्या कापडव्यापाऱ्याची सून, स्वभावानं सरळ. तिनं अक्काताईला आत बोलावलं, चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाली की दह्याला करपट वास येतोय, गेले कितीतरी दिवस. अक्काताईनं मान हलवली. त्या दिवशी ती माझ्या पायरीवर बसली नाही. पाणीही न पिता गेली.

दोन म्हशी तिनं निपाणीकडच्या पाहुण्यांना दिल्या. मैनाला मात्र कुणाला दाखवलीसुद्धा नाही. विरजणाचं मडकं राखेनं घासलं आणि परसात पालथं घातलं. लग्नात आलेलं विरजण त्या दिवशी संपलं.

*

ऋतिकाला चुटपुट लागून राहिली होती. काही महिन्यांनी तिनंच अक्काताईला एक काम सुचवलं. कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात नवा कॅफे निघाला होता. चालवणारी मुलगी रचना, शहापूरच्या विणकराच्या घरातली. घरी पॉवरलूमवर साड्या निघायच्या. ही शिकून बेंगळुरूला गेली, कंपनीत नोकरी केली आणि मग ती सोडून परत आली. तिच्या कॅफेत दुधाचा थेंब नव्हता. चहा, कॉफी, खीर, दही म्हणून जे काही होतं ते सगळं बदामाचं, ओट्सचं, काजूचं.

याला कारण होतं. बेंगळुरूला असताना कंपनीच्या कुठल्याशा कामासाठी तिला शहराबाहेरच्या एका मोठ्या गोठ्यावर जावं लागलं होतं. वासरं एका बाजूला, आया दुसऱ्या बाजूला, मध्ये पत्र्याची भिंत. दिवसभर दोन्हीकडून हंबरणं चालू. परतीच्या गाडीत सगळे बोलत होते आणि तिच्या कानात तेच होतं. त्या दिवसापासून तिनं दूध सोडलं. कुणाला उपदेश केला नाही, नुसतं सोडलं.

अक्काताईला ते काम जमलं. रात्रभर भिजलेले बदाम सोलायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. हातांना हे ओळखीचं होतं आणि नाकाला तिथं काही करायचं नव्हतं. काजूचं दही लावायलाही ती शिकली. ते घट्ट व्हायचं, पांढरंशुभ्र दिसायचं, लोक आवडीनं खायचे. दुपारची गर्दी ओसरली की मागच्या खोलीत ओट्सच्या पोत्यांना टेकून तिचा डोळा लागायचा. रचना येणाऱ्याला खुणेनं गप्प करायची आणि दार ओढून घ्यायची. या दोघींचं एकमेकींवाचून अडू लागलं होतं, आणि हे दोघींनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पहिलं वर्ष व्हरांड्यात बसायला जागा मिळत नव्हती. मग जागा मिळू लागली.

कुणी भांडून गेलं नाही. शालूबाई म्हणून एक सुभेदाराच्या विधवा बाई आहेत, मूळच्या निपाणीच्या. मुलीनं सांगितलं म्हणून त्या रोज संध्याकाळी बदामाच्या दुधाचा चहा प्यायला यायच्या. एक दिवस कप खाली ठेवून म्हणाल्या, "रचना, हे चांगलं आहे. पण बाळ, हा चहा न्हाय." दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. सूरज हा व्यायामशाळेत शिकवणारा पोरगा आधी सोयाबीनचं दूध मागवायचा. आता तो ताजं दही आहे का, पनीर आहे का, असं विचारू लागला. कॉलेजच्या मुली बाहेरून आलेल्या खोक्यांच्या मागची बारीक अक्षरं एकमेकींना वाचून दाखवायच्या. त्यात बदाम किती आणि बाकीचं काय काय, यावर त्यांचं हसणं सुरू झालं होतं, आणि खोकी महागही होती. ऋतिकानं घरी परत दूध तापवायला सुरुवात केली. साय हवी, तूप हवं, हे होतंच. पण ती मला म्हणाली की दूध उतू गेल्याचा वास आला की तिचा मुलगा खेळणं टाकून स्वयंपाकघरात येतो. खोक्यातल्या दुधानं तो कधी आला नाही.

रचनाच्या बेंगळुरूच्या मैत्रिणी फोनवर तेच सांगत होत्या. तिथंही लोक पुन्हा दही, ताक, तूप शोधू लागलेत. गोठा कुठला, दूध कुणाचं, हे विचारतात आणि काचेच्या बाटलीतून घेऊन जातात. साधं हवंय लोकांना, त्या म्हणाल्या. आपल्याला कळेल असं.

रचनाचे पुढचे काही दिवस असेच गेले. सकाळी कॅफे उघडायची, खुर्च्या मांडायची आणि त्यातल्याच एकीवर बसून राहायची. तिच्यापुढं प्रश्न नुसता धंद्याचा नव्हता. पत्र्याच्या भिंतीपलीकडचं हंबरणं अजून तिच्या कानात होतं. एका दुपारी ती मागच्या खोलीत गेली. अक्काताई नुकतीच जागी झाली होती.

"आक्का, तुमी आधी दही लावत होता न्हाई? परत लावाल?"

अक्काताई बराच वेळ पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते या पोरीला सांगितलं.

"मला वासच येत न्हाय गं. तापापासनं न्हाय. झोपेत तेवढा येतो."

रचनानं नवल केलं नाही, समजूतही घातली नाही. झोपेत कसला येतो, एवढंच विचारलं. अक्काताईनं सांगितलं. शिंकं, घोंगडं, सरपण, दही. ऐकून झाल्यावर रचना म्हणाली, तुमची म्हैस बघायची आहे.

*

हिवाळ्याचे दिवस होते. कंग्राळीच्या शिवारात संध्याकाळी धुकं जमिनीलगत उतरतं आणि गुडघ्याएवढं उभं राहतं. माणसं त्यातून चालताना तरंगत असल्यासारखी दिसतात. रचना तशीच तरंगत गोठ्यापर्यंत आली. मैना त्या वर्षी व्याली होती. अक्काताईनं आधी रेडकू सोडलं. ते धावत जाऊन कासेला लागलं, डोक्यानं ढुशा देऊ लागलं. अक्काताई बाजूला बसून राहिली. घाई नव्हती तिला.

"आधी ते पिणार?" रचनानं विचारलं.

"त्येचंच हाय ते. राहिलं की आपलं."

रचना खाली उकिडवी बसली. रेडकाच्या तोंडाला फेस आला होता. मग तिनं तो प्रश्न विचारला जो ती वाटेतच ठरवून आली असावी. रेडा झाला तर काय करता?

अक्काताईला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, "रेडं कोण ठेवून घेत न्हाय गं आता, कामच न्हाय त्येंना. एक मी सांभाळला म्हातारा होस्तवर. दुसरा दिला. कुठं गेला त्ये मी विचारलं न्हाय."

धुकं गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मैनाच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली आणि थांबली.

"खोटं सांगितलं असतं तर मी आत्ता उठून गेले असते," रचना म्हणाली. "इथनं पुढं रेडा झाला तर तो माझ्या खर्चानं राहील. असं चालंल?"

अक्काताईनं होय म्हणायच्या आधी मैनाकडं बघितलं. मग होय म्हणाली.

तिनं धार काढली. चरवी फेसानं भरली तेव्हा ती रचनापुढं धरली. कितीतरी वर्षांत रचनानं दूध नाकाजवळ आणलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि वाकली.

"कसा येतोय?" अक्काताईनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"गरम. आमच्याकडं सुताला खळ देऊन उन्हात ताणून वाळत घालतात, तसा. गोड न्हाई, पण गोडाच्या जवळचा."

अक्काताईनं शहापूरच्या विणकरांचं वाळतं सूत कधी पाहिलं नव्हतं. तरी तिला ते कळलं. तिथल्या तिथं ठरलं की दूध अक्काताई तापवणार आणि वाफेवर तोंड रचना धरणार.

*

विरजणाचा प्रश्न होता. दुकानातलं घालून पाहिलं. दही लागलं, पण कुठल्याही दुकानात मिळेल तसं. अक्काताई म्हणाली, जांबोटीला जाऊ. भावाची बायको सोनाबाई अजून तेच विरजण चालवते.

सकाळच्या बसनं दोघी निघाल्या. जांबोटीला उतरल्यावर पुढची गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून चालत सुटल्या. रस्ता सोडून रानातली वाट लागली. धुकं एवढं दाट की झाडं दोन पावलांवर आली की उगवायची आणि मागं गेली की विरघळायची. अक्काताईचे पाय वाट ओळखत होते. पण ही वाट तिला लहानपणापासून नाकानं माहीत होती आणि आज ती मुकी होती. चालता चालता ती थांबली.

"तू सांगत चल," ती रचनाला म्हणाली. "काय काय येतंय त्ये."

रचना सांगू लागली. ओलं लाकूड. कुजलेला पाला. अक्काताई म्हणाली, म्हणजे नाला आला. पुढं रचना म्हणाली, कसल्यातरी फुलाचा येतोय, नाव माहीत नाही, लवंगेसारखा. अक्काताईनं धुक्यात हात पसरून एक झुडूप धरलं आणि म्हणाली, हे. मग शेणाचा. मग धुराचा, अगदी बारीक, येऊन जाणारा.

"धूर म्हंजे सोनाबाईचं घर."

धुक्यातून घर बाहेर आलं. अक्काताई अंगणात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. घराला नवी कौलं होती, स्वयंपाकघरात गॅस आला होता, भिंती पोपटी रंगाच्या होत्या. धूर येत होता तो परसातल्या पाणी तापवायच्या चुलीचा. काळं आढं नव्हतं, शिंकं नव्हतं. स्वप्नात मात्र घर जुनंच आहे, ती मनाशी म्हणाल्यासारखी म्हणाली.

सोनाबाईनं फार विचारपूस केली नाही. भात वाढला, वर दही घातलं. रचनानं आपल्या भातावर आमटी मागून घेतली, आणि सोनाबाईनं त्याचंही कारण विचारलं नाही. निघताना तिनं फडताळातून मडकं काढलं, झाकण उघडलं आणि अक्काताईपुढं केलं. अक्काताईनं ते रचनाकडं दिलं.

रचनानं वाकून वास घेतला. अक्काताई तिच्या तोंडाकडं बघत होती, परीक्षेचा निकाल बघावा तसं.

"तुमी दुपारी झोपलेल्या असता न्हाई," रचना म्हणाली, "तवा मी दार ओढायला येते. तुमच्या तोंडावर जे असतं, तसा हाय."

परतीच्या वाटेवर विरजण घातलेली लोटी अक्काताईनं पदरात धरली होती. तिला वास आला नाही. पण रानातल्या त्या वाटेवर ती जागी आहे की झोपेत, हे तिचं तिलाच नीट सांगता येत नव्हतं, असं तिनं नंतर मला सांगितलं.

*

पहिलं दही फसलं. दूध तळाला लागलं होतं. रचना वाफेवर वाकली आणि लगेच मागं झाली. ते टाकून दिलं. दुसऱ्या वेळी ती बराच वेळ वाकून राहिली. ओलं गवत, म्हणाली. मग, गोड. मग काहीच बोलेना. अक्काताईनं विचारलं, काय झालं? रचना म्हणाली, काही न्हाई, आता कसलाच येत न्हाई. गप्प झालंय.

अक्काताईनं विरजण घातलं.

कॅफेच्या पाटीवर रचनानं खडूनं लिहिलं, कंग्राळीचं म्हशीचं दही. खाली मैनाचं नाव. ओट्सचं आणि बदामाचं दूध तिनं काढून टाकलं नाही. ज्यांना दूध सोसत नाही किंवा नको आहे, असे चारदोन लोक अजून येतात आणि त्यांच्यासाठी अक्काताई बदाम पिळते. शालूबाई परत आल्या. आधी चहाला, मग दहीभाताला. सूरज व्यायामशाळेतली पोरं घेऊन आला. कॉलेजच्या मुलींनी विचारलं की यात काय काय घातलंय. अक्काताई म्हणाली, दूध. अजून? दही. मुली हसल्या आणि वाट्या घेऊन बसल्या. काही जण रविवारी मैनाला बघायला कंग्राळीला जाऊ लागले. मैनाला त्याचं काही वाटत नाही.

रचना अजून दूध पीत नाही आणि दही खात नाही. तिला कुणी विचारलं तर म्हणते, मला नको वाटतं. वास मात्र रोज सकाळी घेते. ज्या गोष्टीची चव घ्यायची नाही तिचा वास इतक्या मनापासून कसा घेता येतो, हे मला कळत नाही. ते त्या दोघींचं आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर रचना मैत्रिणीच्या लग्नाला बेंगळुरूला गेली. अक्काताईला नाक उरलं नाही. व्हरांड्यात शालूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. अक्काताईनं त्यांना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. शालूबाईंनी चष्मा काढला, वाफेवर तोंड धरलं आणि तशाच राहिल्या. त्यांची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. दुपारी सगळ्या बायका रांगेनं बसून डबे उघडायच्या. तंबाखूच्या खकाण्यानं डोळे चुरचुरायचे आणि त्यातूनच डब्यातल्या दहीभाताचा थंड वास यायचा. तसा येतोय, शालूबाई म्हणाल्या. मग त्यांना विरजणाची आठवण करून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सूरज होता. त्यानं खूप वेळ वास घेतला. आखाड्यातल्या मातीत ताक, तेल आणि हळद घालून ती मळतात, पहाटे तिच्यावर पहिलं पाऊल टाकलं की येतो तसा, म्हणाला, आणि लाजला. ऋतिका आली. तिला बाळंतपणातली दुपार आठवली. एके दिवशी मलाही आत बोलावलं. मी वाकले. वाफ आधी ओली होती, मग गोड झाली. आणि गप्प व्हायच्या जरा आधी मला भिजलेल्या पाटीचा वास आला, पाणी लावून पुसलेल्या दगडी पाटीचा. मी तसं सांगितलं. अक्काताईनं मान हलवली आणि ते कुठंतरी ठेवून दिलं.

रचना परत आल्यावरही हे थांबलं नाही. सकाळी जो कुणी व्हरांड्यात असेल त्याला अक्काताई आत बोलावते. प्रत्येकाला वेगळा वास येतो आणि प्रत्येक जण आपापलं काही सांगून जातो. लोक दह्याकडं परत का आले, याची कारणं सूरज सांगतो, ऋतिका सांगते, मुली सांगतात. मला त्या वाफेवर वाकलेले चेहरे आठवतात.

तिच्या झोपेतही ते सगळं जाऊन बसलं. आता तिला नुसतं माहेरचं घर दिसत नाही. न पाहिलेली निपाणीची वखार दिसते, ओळीनं बसलेल्या बायका, आणि त्यांतली एक तिला आपल्या डब्यातला घास पुढं करते. शहापूरच्या गल्लीत उन्हात ताणलेलं सूत दिसतं आणि त्याखालून ती चालत जाते.

जागेपणी तिला आता डिझेलचा वास येतो, कधी पावट्याच्या शेंगांचा. गेल्या महिन्यात एकदा लिंबाचा आला आणि गेला. दुधाचा येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. ती म्हणते, येऊ दे सावकाश.

काल ती मला बसथांब्यावर भेटली. जांबोटीकडून तिनं एक नवी म्हैस आणली आहे. तरुण आहे, पण अजून पान्हा सोडत नाही. सारखी डोंगराच्या बाजूला तोंड करून उभी राहते, वैरणीला तोंड लावत नाही. मी विचारलं, मग काय करतेस?

"बसत्ये तिच्याजवळ," अक्काताई म्हणाली. "नवीन जागा हाय. सवय लागंल तिला हळूहळू."

कंग्राळीची बस आली. तिनं पदर खोचला, रिकामं मडकं काखेत घेतलं आणि ती चढून गेली.